‘मीटिंगमध्ये आहे’ असं कोण म्हणालं?

सेनगावातलं एक घर, वरची खोली, सकाळचे अकरा. पुण्यातल्या कंपनीसाठी गावाकडून काम करणारी मुलगी कानाला हेडफोन लावते आणि मीटिंगला बसते. चॅटमध्ये तिनं एक अक्षर टाइप केलेलं नाही. तरीही पुण्यातल्या, बंगळुरूतल्या, न्यू जर्सीतल्या सहकाऱ्यांना तिच्या नावापुढे कॅलेंडरचं इवलंसं चित्र दिसायला लागतं. त्यावर माउस नेला की शब्द उमटतात, ‘मीटिंगमध्ये’. साडेअकराला चित्र नाहीसं होतं. तेही कुणी पुसलेलं नसतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मराठवाड्यातली पोरं लॅपटॉप पाठीला लावून गावी परतली. त्यातली काही गावाकडेच रमली, आणि हे इवलं चित्र आमच्याकडच्या माडीपर्यंत पोचलं. रोज बघून नजर सरावते, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण जरा खोदून विचारा. ही मुलगी मीटिंगमध्ये आहे हे कुणी सांगितलं? कुणाच्या परवानगीनं सांगितलं? कॅलेंडर गूगलचं, चॅट स्लॅकचं. दोन वेगळ्या कंपन्या, त्यातून बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. त्यांची यंत्रं हजारो मैलांवर कुठेतरी बसून सेनगावच्या एका मुलीची खबर एकमेकींना देतात, ती बरोबर अकराच्या ठोक्याला.

‘साहेब आहेत का?’ हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचं उत्तर देणारी व्यवस्थाही जुनीच. सेनगाव तालुक्याचं ठिकाण. तहसील आहे, पंचायत समिती आहे, म्हणजे हालचाल नोंदवही आलीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिलाच हालचाल रजिस्टर म्हणतात. आडव्या पानावर रकाने आखलेले असतात: नाव, कुठे व कोणत्या कामासाठी, जाण्याची वेळ, परत येण्याची वेळ, सही. कामाच्या रकान्यात ‘पं. स. येथे मीटिंग’ हे शब्द इतक्या वेळा आलेले असतात की खाली नुसती दोन टिंबं दिली तरी भागतं. जाण्याची वेळ ठसठशीत लिहिलेली. परत येण्याचा रकाना बरेचदा कोरा.

आता स्लॅकच्या पोटात डोकावू. बाहेरच्या एखाद्या यंत्रणेला तिथे कुणाचं स्टेटस बदलायचं असेल तर तिला तीन गोष्टी पाठवता येतात. पहिली मजकूर, जास्तीत जास्त १०० अक्षरांचा. दुसरी एक इमोजी. तिसरा एक आकडा, उदाहरणार्थ १७५२४७२८००. हा आकडा फोन नंबरासारखा दिसतो, पण ती वेळ आहे. १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचला मध्यरात्र झाली, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या क्षणापासून किती सेकंद उलटले याची ती मोजणी. वरचा आकडा उलगडला की निघतं: १४ जुलै २०२५, सोमवार, सकाळचे साडेअकरा, भारतीय वेळ. म्हणजे नोंदवहीतला तोच, ‘परत येण्याची वेळ’ हा रकाना. चित्र आपोआप का गेलं, याचं उत्तर इथे आहे. लावतानाच ते कधी उतरायचं हे सांगून ठेवता येतं, पुसायला दुसऱ्यांदा कुणी यावं लागत नाही. गंमत म्हणजे आकड्याच्या जागी शून्य पाठवलं तर स्टेटस कधीच उतरत नाही. कोऱ्या रकान्याची सोय इथेही ठेवलेली आहे.

संगणकावर ‘मी कुठे आहे’ हे सांगण्याची हौस स्लॅकच्या किती तरी आधीची. १९७१ मध्ये लेस अर्नेस्ट या गृहस्थांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत ‘फिंगर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोण कामावर आहे हे पाहायला लोक यादीवरून बोट फिरवत असत, म्हणून हे नाव. त्याबरोबर प्रत्येकाची ‘प्लॅन’ नावाची एक फाइल असे. तीत माणसं आपला बेत लिहून ठेवत: कुठे चाललोय, कधी येईन. पुढे गप्पांसाठी १९९६ मध्ये आयसीक्यू आलं, १९९९ मध्ये जॅबर. जॅबरनं ‘बाहेर’, ‘बराच वेळ बाहेर’, ‘त्रास देऊ नका’ आणि ‘गप्पांना तयार’ अशा अवस्थाच ठरवून टाकल्या. स्लॅकमध्ये मनासारखं स्टेटस लिहायची सोय २०१७ ची. पण या सगळ्यांत लिहायचं काम माणसाचंच होतं, आणि माणूस विसरतो. जेवायला गेलेला गडी संध्याकाळपर्यंत ‘जेवतोय’. त्यापेक्षा जिथे बेत आधीच लिहिलेला आहे त्या कॅलेंडरलाच का विचारू नये?

विचारायचं तर दोघांना समजेल अशी भाषा हवी. ती १९९८ मध्ये ठरली. तिचं नाव आयकॅलेंडर, आणि २००९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. मीटिंगच्या निमंत्रणासोबत ई-मेलला आयसीएस नावाची फाइल चिकटून येते, ती हीच. नोटपॅडमध्ये उघडून पाहा, कुणालाही वाचता येतील अशा साध्या ओळी असतात: सुरुवात, शेवट, विषय, ठिकाण. त्यात एक ओळ मला फार आवडते. ही घटना ‘ओपेक’ आहे की ‘ट्रान्स्परन्ट’, एवढंच ती सांगते. अपारदर्शक म्हणजे त्या वेळेत माणूस अडकलेला आहे. पारदर्शक म्हणजे घटना कॅलेंडरवर आहे खरी, पण तिच्यातून आरपार पाहायचं, माणूस मोकळाच आहे. मामाचा वाढदिवस पारदर्शक, क्लायंटची मीटिंग अपारदर्शक. तुमच्या नावापुढे चित्र लागणार की नाही हे बरंचसं या एका शब्दावर ठरतं.

आणि पुनरावृत्ती. दर सोमवारी अकराला मीटिंग आहे, म्हटल्यावर आपल्याला वाटतं की कॅलेंडरनं पुढच्या शेकडो सोमवारांवर नोंदी करून ठेवल्या असतील. तसं काही नसतं. ‘वारंवारता साप्ताहिक, वार सोमवार’ अशा अर्थाची एकच ओळ असते. त्या ओळीत जगाच्या अंतापर्यंतचे सगळे सोमवार मावतात. तुम्ही जुलै उघडला की जुलैतले सोमवार त्या क्षणी हिशेब करून मांडले जातात. एखादा सोमवार रद्द झाला तर ‘ही तारीख वगळा’ अशी आणखी एक ओळ.

पण या सुरेख नियमाला आमच्याकडे एक ठेच लागते. नर्सी नामदेव आमच्या हिंगोली जिल्ह्यातलंच. आषाढी एकादशीला पंढरपूर करून आलेला वारकरी पुढच्या, म्हणजे आषाढ वद्य एकादशीला नर्सीला येऊन नामदेवांचं दर्शन घेतो, तेव्हा कुठे वारी पुरी झाली म्हणतात. ही परतवारी. त्या दिवशी घरच्यांबरोबर जायचं म्हणून सेनगावच्या आपल्या मुलीनं कॅलेंडरवर सुट्टी टाकली आणि ‘दर वर्षी’ हा पर्याय निवडला, तर काय होईल? २०२३ मध्ये परतवारी १३ जुलैला होती, २०२४ मध्ये ३१ जुलैला, २०२५ मध्ये २१ जुलैला. चंद्र ‘दर वर्षी’ या शब्दांना जुमानत नाही. वेगळ्या कालगणनांची पुनरावृत्ती लिहिता यावी म्हणून २०१५ मध्ये आयकॅलेंडरला एक जोडनियम आला, पण आपली एकादशी त्यातही सहजी बसणारी नाही, कारण तिथी सूर्योदयाशी बांधलेली आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. तेव्हा पंचांग पाहून, नाहीतर भिंतीवरचं कालनिर्णय पाहून, दर वर्षी तारीख हातानं टाकणं आलं. सोमवारांची अख्खी रांग एका ओळीत बसवणाऱ्या यंत्रापुढे आपली एक एकादशी अशी ठाम उभी राहते, याचं मला जरा बरंच वाटतं.

वेळेचंही तसंच. सेनगावात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातल्या बारानंतर, सरासरी बावीस मिनिटांनी. कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. ते अंतर आपण १९०६ पासून गिळून टाकलं, एक देश एक घड्याळ. अमेरिकेत मात्र मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात. न्यू यॉर्कच्या साहेबानं सकाळी साडेनऊची मीटिंग लावली की उन्हाळ्यात ती सेनगावात संध्याकाळी सातला येते, हिवाळ्यात आठला. सहकारी नोव्हेंबरच्या त्या सोमवारी गोंधळतात. स्टेटस गोंधळत नाही, कारण कॅलेंडरच्या मागे जगभरच्या घड्याळांची एक वही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि आजही काही हौशी मंडळी ती विनामूल्य सांभाळतात. कोणत्या देशानं कधी घड्याळ हलवलं याची जंत्रीच म्हणा ना. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं तासभर पुढे होती, तेही त्यात लिहून ठेवलंय. आपली नोंद ‘एशिया/कोलकाता’ या नावानं. मुंबईचं नाव त्यात नाही, पुण्याचं तर प्रश्नच नाही. सेनगावच्या मुलीची दुपार कोलकात्याच्या नावानं मोजली जाते.

आता परवानगीचं. मला यातला सगळ्यात कमाल भाग हाच वाटतो.

एका वेबसाइटला तुमच्या दुसऱ्या खात्यातलं काही हवं असलं की पूर्वी ती सरळ तुमचा पासवर्ड मागायची, आणि आपण द्यायचो! म्हणजे एक तारीख बघायला आलेल्याच्या हातात तिजोरी. २००७ मध्ये ओऑथ नावाची पद्धत आली आणि २०१२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. आता कॅलेंडर जोडताना चॅट तुम्हाला गूगलच्या पानावर पाठवतं. पासवर्ड टाकायचा तो तिथे, चॅटला तो दिसतही नाही. मग गूगल विचारतं: हे अॅप तुमचं कॅलेंडर पाहू इच्छितं, चालेल? तुम्ही हो म्हटलंत की गूगल चॅटच्या हातात एक लांबलचक सांकेतिक अक्षरमाळ ठेवतं, तिला टोकन म्हणतात. त्या टोकनवर कॅलेंडर वाचता येतं, मेल वाचता येत नाही. मेलचं दार ठोठावलं तर गूगल परत पाठवतं. याहून अरुंद परवानगीही असते: घटना दाखवायच्याच नाहीत, फक्त कोणता वेळ भरलेला आहे तेवढं सांगायचं. मन बदललं तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते टोकन रद्द करता येतं, पासवर्ड बदलायची गरज नाही. चॅटवाल्यांकडे मग नुसती अक्षरं उरतात.

टोकन मिळालं तरी चॅटला कळणार कसं की अकराची मीटिंग साडेअकरावर ढकलली? दर मिनिटाला विचारत बसावं, तर लाखो माणसांसाठी लाखो हेलपाटे, त्यातले जवळपास सगळे फुकट. म्हणून गूगलकडे एक वेगळी सोय आहे. चॅटची यंत्रणा सांगून ठेवते की या कॅलेंडरात काही हललं तर मला या पत्त्यावर कळवा. हललं की निरोप येतो. तो निरोप रिकामा असतो! काय बदललं हे त्यात लिहिलेलंच नसतं, फक्त काहीतरी बदललं एवढं. मग चॅट आपलं टोकन दाखवून विचारतं, मागच्या खेपेनंतर नवीन काय? तेव्हा उत्तर मिळतं. कारण उघड आहे. निरोपाचा पत्ता चुकला, मध्ये कुणी गाठला, तरी हाती काही लागू नये. शिवाय हे कळवण्याचं वचन ठराविक मुदतीचंच असतं. मुदत संपायच्या आत ते पुन्हा मागून घ्यावं लागतं, नाहीतर निरोप यायचे थांबतात. काही दिवस बरोबर चाललेलं स्टेटस अचानक मुकं झालं, तर बनवणारे पहिली शंका इथे घेतात.

एवढी सगळी यातायात होऊन सहकाऱ्यांपर्यंत पोचतं काय, तर ‘मीटिंगमध्ये’. कॅलेंडरवर कदाचित लिहिलेलं असतं ‘पगारवाढीबद्दल बोलणं’, ‘दवाखाना’, ‘दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू’. त्यातलं अक्षरही पलीकडे जात नाही. आयकॅलेंडरमध्ये यासाठी स्वतंत्र प्रकार ठरवलेला आहे, ‘फ्रीबिझी’. अमुक ते अमुक वेळ भरलेली, बस. कशानं भरलेली हे सांगायला त्यात फारशी जागाच ठेवलेली नाही. हालचाल नोंदवहीत ‘कोणत्या कामासाठी’ हा रकाना भरावाच लागतो, आणि तो टेबलाशी आलेला प्रत्येक जण वाचतो. इथे तो रकाना ठरवून झाकलेला आहे. माझ्या मते या जोडणीतलं खरं शहाणपण या झाकण्यात आहे, बाकीची करामत त्यामानानं सोपी.

सगळ्याच कंपन्यांनी हे शहाणपण सारखं पाळलं असं नाही. मायक्रोसॉफ्टचं टीम्स आउटलुकचं कॅलेंडर तर पाहतंच, पण कीबोर्ड-माउस काही मिनिटं हलला नाही तर स्वतःहून ‘बाहेर’ असं पिवळं चिन्ह लावतं. पहिलं तुम्ही सांगितलेलं, दुसरं तुमच्यावर नजर ठेवून काढलेलं. मग लोकांनी माउस आपोआप हलवणारी यंत्रं विकत घेतली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा खोटा देखावा केल्यावरून डझनाहून अधिक माणसांना काढलं. यंत्र माणसावर पाळत ठेवतं, माणूस यंत्राला फसवायला दुसरं यंत्र आणतो, आणि काम कुणाचंच होत नाही.

कॅलेंडरवरून आलेलं स्टेटस त्यापेक्षा सज्जन, पण भोळं. त्याला फक्त बेत ठाऊक. मीटिंग दहा मिनिटांत आटोपली, तरी चित्र साडेअकरापर्यंत लटकलेलं. आमच्याकडे लाइट जाते, वायफाय बसतं, मोबाइलचा हॉटस्पॉट धाप टाकतो. मुलगी मीटिंगमधून कधीच बाहेर फेकली गेलेली असते आणि न्यू जर्सीला मात्र ती ‘मीटिंगमध्ये’ दिसत असते. उलटंही होतं. दोन देशांतल्या माणसांना तिचं स्टेटस दिसतं, पण घरातल्यांना नाही. खालून आई हाक मारते, “अगं, सोयाबीनवाला आलाय, पोती किती म्हणायलाय बघ!” आणि ती हाक बारा जणांना स्वच्छ ऐकू जाते. शेवटी दाराला कागद चिकटवावा लागतो: ‘मीटिंग चालू आहे, ११ ते ११.३०’. मजकूर, वेळ, सगळं आलं. इमोजीऐवजी स्केचपेननं काढलेला लाल गोल.

बेत एक आणि घडलेलं दुसरं, याचं जगातलं एक नामी उदाहरण आमच्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे जिल्ह्याचे पाच तालुके. त्यातल्या औंढ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी एप्रिल २०२३ ची, खर्च सुमारे २,६०० कोटी. तिच्या अमेरिकेतल्या दोन थोरल्या बहिणींचं अधिकृत निरीक्षण २०१५ मध्ये १८ सप्टेंबरला सुरू व्हायचं होतं. कॅलेंडरवर तसंच होतं. पण १४ सप्टेंबरला, सोमवारी, चाचण्या चालू असतानाच लहर आली. आपल्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि गणपती तीन दिवसांवर होते. १३० कोटी प्रकाशवर्षांवरून निघालेली ती लहर आधी लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेत पोचली, सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डच्या. दोन्ही यंत्रं त्या क्षणी सुस्थितीत चालू होती, म्हणून ती सापडली. नुसत्या कॅलेंडरवर विसंबलं असतं तर त्यांच्या नावापुढे ‘अजून सुरू नाही’ असंच लिहिलेलं असतं.

म्हणून त्या वेधशाळांचं स्टेटस वेगळ्या रीतीनं ठरतं. ‘गार्डियन’ नावाची प्रणाली आरसे, लेसर, कंपनं यांच्याकडे सतत पाहत असते आणि यंत्र आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे तीच सांगते. यंत्र तयार झालं की नियंत्रण कक्षातला माणूस ‘निरीक्षण चालू’ अशी खूण करतो. यंत्राची अवस्था आणि माणसाचा होकार, दोन्ही जुळले तरच निरीक्षण धरलं जातं. लायगोची सद्यस्थिती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. सेनगावच्या वरच्या खोलीतूनही.

कॅलेंडरला तिथेही सुट्टी नाही म्हणा. अमेरिकेतल्या वेधशाळांत मंगळवारचे काही तास डागडुजीसाठी राखलेले असतात आणि त्या वेळेत यंत्र ‘देखभालीत’ दिसतं. औंढ्याच्या वाट्याला कोणता वार येतो ते पाहायचं.